भिंतीवरची बुरशी: रंगाच्या डब्याआधी पाणी शोधा

दुकान किंवा गोडाऊनची जागा आपण बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये बघतो. भिंत कोरडी, रंग ताजा, मालक गोड बोलतोय. जुलै आला की त्याच भिंतीवर काळे ठिपके आणि शटर उघडताच नाकात कुबट वास! मग फोन येतो, "सर, कुठला रंग मारू?"

हीच चूक मीही केली आहे. माझं पहिलं गोडाऊन सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर होतं. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढली. मी पेंटर बोलावला. भिंत खरवडली, पुट्टी, वर दोन हात रंग. ९ हजार गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये पोपडे रंगासकट खाली आले आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या लेदरच्या पर्सचे तीन बॉक्स बुरशीने पांढरे झाले. साधारण ४० हजारांचा माल. बीबीएला बुडीत खर्च हा धडा चांगल्या मार्कांनी पास झालो होतो, तरी पुन्हा पेंटरलाच फोन लावत होतो.

बुरशीला खायला काहीही चालतं. धूळ, पुठ्ठा, कातडं, रंगाचा थर. आपल्या हातात फक्त एक गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी धरायला लागते. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

ओल छताजवळ असेल तर गच्ची किंवा वरच्याचं बाथरूम तपासा. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर बाहेरून तडा शोधा. जमिनीपासून वर चढत असेल तर पाणी पायातून येतंय. पेठांतल्या वाड्यांत हे फार दिसतं. दगड-मातीच्या, चुन्याच्या जुन्या भिंती श्वास घेतात. त्यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आतलं पाणी कोंडतं आणि आणखी वर सरकतं. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा करणारा गवंडी शोधा. थोडा महाग पडेल, पण दरवर्षीचा पेंटर वाचेल.

कळत नसेल तर एक सोपी टेस्ट आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या मागे जमलं तर ते भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूने जमलं तर हवा दमट आहे. आणखी एक, भिंतीवरची पांढरी भुकटी प्रत्येक वेळी बुरशी नसते. पाणी शिंपडल्यावर विरघळली, तर तो क्षार आहे. तोही ओलीचाच पुरावा, पण त्याला बुरशीनाशक लावून काही उपयोग नाही.

आता सफाई. साधारण तीन फूट बाय तीन फूट एवढा डाग असेल तर स्वतः करा. त्याहून मोठा असेल, किंवा घरात दम्याचं माणूस, लहान मूल असेल, तर ते काम माहीतगार माणसाला द्या. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका. खिडकी उघडी, सीलिंग फॅन बंद. कोरड्या ब्रशने खरवडणं सगळ्यात वाईट, बुरशीची बारीक बीजं अख्ख्या दुकानात उडतात. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा, मग फडक्याने पुसणं, आणि ते फडकं थेट पिशवीत बांधून कचऱ्यात.

ब्लीच लागतंच का? टाइल्स, ऑइलपेंट अशा पाणी न शोषणाऱ्या जागी चालतं. लिटरभर पाण्याला ६० मिली, त्याहून जास्त नाही. साध्या गिलाव्यावर ते वरवरचा डाग घालवतं आणि भिंतीला आणखी पाणी पाजतं. आणि हे नीट वाचा: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड किंवा अमोनियावालं काहीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. छोट्या बंद दुकानात तो जीवावर बेतू शकतो.

पुराचं पाणी शिरलं असेल तर हिशोब वेगळा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुटला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत तळमजल्यांवर पाणी शिरलं. त्या पाण्यात ड्रेनेजही मिसळलेलं असतं. पुठ्ठ्याचे बॉक्स, गाद्या, फुगलेलं प्लायवूड वाळवून वापरायचा मोह होतो. नको. पण फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, यादी करा, विमा कंपनीला कळवा. छोट्या व्यवसायांसाठी २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी आहे, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. त्यात पूर येतो. वर्षभर हळूहळू मुरलेल्या ओलीचे पैसे मिळतील असं मात्र धरून चालू नका.

घरून पापड, मसाले, चटण्या करणाऱ्या ताईंसाठी थोडं सविस्तर. आमच्या बॅचमधल्या एका ताईंच्या शेंगदाण्यांना पावसाळ्यात बुरा आला. त्या म्हणाल्या, "सर, खराब दाणे निवडून बाकीचे भाजले तर? चटणीत कळणार पण नाही." हो, कळणार नाही, हाच तर प्रश्न आहे. शेंगदाणा, मिरची, मका, खोबरं यांच्यावरची काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक आहे, त्याने कॅन्सर होऊ शकतो. नेहमीच्या भाजण्याने किंवा उन्हात घालून ते पूर्ण जात नाही, आणि चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही असू शकतं. ताईंनी सगळा लॉट टाकला. त्या महिन्यात नफा शून्य. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं की टाकलेला माल वहीत खर्च म्हणून लिहा, पुढच्या वर्षीच्या किमतीत पावसाळ्याची घट धरता येईल.

परत येऊ नये म्हणून मी आता काय करतो? एकही खोका जमिनीवर नाही, सगळं प्लास्टिकच्या क्रेटवर. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे. काउंटरवर एक आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, काहीशे रुपयांत मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या वर राहिला की मी एसी ड्राय मोडवर टाकतो. धो-धो पाऊस चालू असताना हवेशीर म्हणून खिडकी उघडली तर बाहेरचा दमटपणाच आत येतो, उघडीप मिळाली की उघडा. गच्चीची पन्हळ आणि तडे बघायचं काम एप्रिल-मेमध्ये. रंग तर अगदी शेवटी. भिंत पूर्ण वाळल्यावर, दिवाळीच्या आधी घाईने नाही.

आणि जागा भाड्याची असेल तर ११ महिन्यांच्या करारात पावसाळा येणारच. गच्ची, बाहेरची भिंत आणि वरच्या मजल्यावरची गळती दुरुस्त करणं मालकाकडे, हे वाक्य करारात लिहून घ्या. ताबा घेताना भिंतींचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. आणि सही करण्याआधी शेजारच्या दुकानदाराबरोबर एक चहा घ्या, "पावसात इथे कसं असतं?" एवढं विचारा. मी सदाशिव पेठेत हे विचारलं नव्हतं. शेजारच्या काकांना सगळं माहीत होतं.