शिकायला जाणाऱ्या मुलीची राहण्याची सोय

मुलगी बारावी पास झाली. पुण्याच्या कॉलेजात तिला जागा मिळाली. घरोघर पेढे वाटून झाले. मग रात्री आई-बाप बोलत बसतात. पोर राहणार कुठे? खाणार काय? रात्री-बेरात्री दुखलं-खुपलं तर पाहणार कोण?

या प्रश्नापाशी पुष्कळ मुलींचे शिक्षण थांबते. फीची तजवीज होते, पण राहण्याचा भरवसा वाटत नाही. मग घरातले म्हणतात, "पुरे झालं आता शिक्षण." म्हणून या धड्यात आपण राहण्याच्या सोयीचा विचार करू. मुलगा शिकायला जात असेल, तरी हेच लागू आहे.

हा प्रश्न जुना आहे. खेड्यातल्या मुलांना शहरात राहायला जागा नाही, म्हणून ती शिकत नाहीत, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. त्यांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह सुरू करविले. पुढे अनेक जातिधर्मांच्या मुलांसाठी तेथे वसतिगृहे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तेथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शाळेइतकेच वसतिगृहही महत्त्वाचे, हे या थोरांना ठाऊक होते.

सोय कोठे कोठे असते?

पहिली सोय कॉलेजच्या वसतिगृहाची. प्रवेशाच्या वेळीच वसतिगृहाचा अर्ज मागावा. जागा थोड्या असतात. मागाहून गेले तर मिळत नाहीत.

दुसरी सोय सरकारी वसतिगृहाची. समाजकल्याण विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. तेथे राहणे व जेवण फुकट असते. अर्जाची मुदत ठरलेली असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड आणि मुलीच्या नावाचे बँकेचे पासबुक आधीच तयार ठेवावे. दाखले तहसील कचेरीतून काढायला दिवस लागतात. निकालाची वाट पाहत बसू नये.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तरी खचू नये. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम् योजना आहे. राहण्या-जेवणाचा पैसा मुलीच्या खात्यात जमा होतो. मात्र तो हप्त्याने येतो आणि कधी उशिरा येतो. पहिल्या काही महिन्यांचा खर्च गाठीशी असावा.

तिसरी सोय सेवाभावी संस्थांची. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यांतल्या गरजू मुलांची सोय करीत आली आहे. अशा संस्था मुलाखत घेऊन प्रवेश देतात.

चौथी सोय खाजगी खोलीची. एका खोलीत तीन-चार मुली राहतात. प्रत्येकीची एक कॉट आणि तेवढेच भाडे. याला 'कॉट बेसिस' म्हणतात. जेवण मेसमध्ये, किंवा डबा लावायचा.

स्वस्त खोली खरेच स्वस्त आहे का?

समजा, कॉलेजजवळच्या खोलीत एका कॉटचे भाडे ३,००० रुपये आहे. लांबच्या खोलीत २,२०० रुपये आहे. मेसचे दोन्हीकडे ३,००० रुपये. लांबून यायचे तर बसला महिन्याला ९०० रुपये लागतात. आता बेरीज करा.

जवळची खोली : ३,००० + ३,००० = ६,००० रुपये.
लांबची खोली : २,२०० + ३,००० + ९०० = ६,१०० रुपये.

म्हणजे स्वस्त दिसणारी खोली महाग पडली. शिवाय रोज दोन तास रस्त्यात गेले. संध्याकाळी अंधारात परत यायचे, ते वेगळेच. लाइट बिल भाड्यात धरले आहे की वेगळे, हेही विचारावे.

डोळ्यांनी पाहावे

पैसे देण्याआधी जागा पाहून यावे. मुलीला बरोबर न्यावे. राहायचे तिला आहे. बाप विचारतो, "कसं वाटतंय गं?" मुलगी म्हणते, "आबा, संडासाला आतून कडीच नाही." बापाच्या नजरेतून सुटलेले मुलीला दिसते. तिचे म्हणणे ऐकावे.

रेक्टरबाई किंवा घरमालक चांगलेच सांगणार. म्हणून तेथे राहणाऱ्या मुलींशीही बोलावे. त्यांना असे विचारावे :

उन्हाळ्यात पाणी पुरते का?
रविवारी रात्री मेस बंद असते का? मग जेवता कुठे?
चार दिवस गावी गेले, तर मेसवाले खाडे धरतात का?
रात्री ताप चढला, तर दवाखान्यात कोण नेते?
फाटक किती वाजता बंद होते? बस चुकली आणि उशीर झाला तर?

कागद वाचावा, मग सही करावी

पूर्वी आपण दाखवतील तेथे अंगठा उठवीत होतो. आता आपल्याला वाचता येते. समोर घाईची माणसे उभी असली, तरी कागद सावकाश वाचावा. एखादा शब्द अडला, तर विचारण्यात लाज नाही.

'अनामत' म्हणजे आधी ठेवून घेतलेली रक्कम. ती खोली सोडताना परत मिळायची असते. किती दिवसांत मिळेल, कशासाठी कापली जाईल, हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी शब्द वर्षाअखेर कोणाला आठवत नाही. खाजगी खोलीचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदलेला असावा लागतो. नोंदणी करून देणे हे घरमालकाचे काम आहे. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. पावतीवर तारीख, रक्कम आणि सही आहे ना, ते पाहावे. फोनवर कोणी म्हणाले, "आधी पैसे पाठवा, नाहीतर जागा जाईल," तर जागा गेली तरी चालेल. न पाहिलेल्या खोलीला पैसे पाठवू नयेत.

मुलगी राहायला गेल्यावर

पहिला महिना जड जातो. मुलगी फोनवर रडेल. "ये परत" असे लगेच म्हणू नये. "काय झालं, सगळं सांग," असे म्हणावे. घरची आठवण येते, ती हळूहळू सरते. पण कोणी छळत असेल, तर गोष्ट वेगळी. नव्या मुलांना छळणे याला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार कॉलेजच्या प्राचार्यांकडे लेखी द्यावी. १८००-१८०-५५२२ या नंबरावर फुकट फोन करता येतो. तो नंबर मुलीच्या वहीत आजच लिहून द्यावा.

आणि एक सांगतो. मुलगी काही सांगू लागली, तर "तरी मी म्हणत होतो, शिक्षण नको" असे चुकूनही बोलू नये. एकदा असे बोलले, की पुढच्या वेळी ती अडचण सांगणारच नाही. चांगली खोली, चांगली मेस पैशाने मिळेल. पण घरी बिनधास्त सांगता येते, हा तिचा आधार आपणच द्यायचा आहे.

प्रश्न

१. अनामत म्हणजे काय? ती कधी परत मिळते?
२. सरकारी वसतिगृहाच्या अर्जासाठी कोणते कागद लागतात?
३. लांबची खोली महाग का पडली?

करून पाहा

घरातली एखादी पावती घ्या. तिच्यावरची तारीख, रक्कम आणि नाव मोठ्याने वाचा. मग ती जपून ठेवा.