एक गिझर, तीन नळ

बाथरूमच्या माळ्यावर २५ लिटरचा एक गिझर आणि त्याच्यावर शॉवर, बेसिन नि स्वयंपाकघरातलं सिंक. बोरीवलीच्या वन किंवा टू बीएचके फ्लॅटमध्ये हे नीट जमू शकतं. दुकानात पहिली चौकशी होते ती लिटरची. खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की गिझरपासून सिंकपर्यंत पाइप किती मीटर जाणार.

तेव्हा प्लंबरला बोलावण्याआधी टेप काढा. पाइप जशी वळणं घेत जाईल तसं अंतर मोजा, सरळ रेषेत नको. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरमागे साधारण १२० मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत त्याच्या दुप्पट. सिंक आठ मीटरवर असेल तर नळ उघडल्यावर अर्धा इंची पाइपातून लिटरभर गार पाणी वाहून जातं आणि मग गरम येतं. पाऊण इंचीत दोन लिटर. शिवाय चार भांडी विसळून नळ बंद केला, की पाइपात उरलेलं गरम पाणी भिंतीत गार होऊन जातं. त्याचं वीजबिल मात्र भरावं लागतं. म्हणून सिंककडे अर्धा इंचीच न्या. ‘पाऊण इंची टाकू, प्रेशर चांगलं मिळेल’ असं कुणी म्हटलं तरी सिंकपुरतं ऐकू नका. अंतर दहा मीटरच्या पुढे जात असेल तर हा बेतच सोडा आणि सिंकजवळ तीन लिटरचा इन्स्टंट गिझर लावा. भिंती फोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता टाकीचा हिशेब. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जेमतेम एक युनिट वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या गिझरला अर्धा तास. हे ६० अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणलं तर कागदावर ५८ लिटर होतं, म्हणजे अंघोळीच्या जवळजवळ तीन बादल्या. प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, कारण गरम पाणी निघतं तसं खालून गार पाणी टाकीत शिरतं. चौघांच्या घरात लागोपाठ शॉवर आणि त्याच वेळी सिंक, हे जमणार नाही. भांडी अंघोळी आटोपल्यावर.

थंड देशांत एकाच हीटरवर नळही चालवतात आणि फरशीखाली पाइपांची वेटोळी टाकून घरही ऊबदार ठेवतात. नॅशनल पार्कमुळे बोरीवलीत दक्षिण मुंबईपेक्षा गारवा जरा जास्त असतो, तरी इथे फरशी तापवायला निघालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पायांना सतरंजी पुरते. पण त्या व्यवस्थेतली एक खबरदारी आपल्याही कामाची आहे. तिथले जाणकार फरशीचं पाणी आणि नळाचं पाणी एकमेकांत मिसळू देत नाहीत, मध्ये हीट एक्स्चेंजर बसवतात. फरशीखाली महिनोन्‌महिने साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि तेच पाणी शॉवरच्या तुषारांतून छातीत जाऊ शकतं. या जिवाणूंना २० ते ४५ अंशांचं पाणी मानवतं, ६० अंशांवर ते मरतात. म्हणून बिल वाचवायला थर्मोस्टॅट ४५ वर आणून ठेवू नका. ६० वर ठेवा आणि कुणी न वापरणाऱ्या बेसिनकडे उगाच फाटा काढू नका. मात्र ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर शॉवरला थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवा, नाहीतर बादलीत आधी गार पाणी घ्यायची शिस्त लावा.

पाइपचा गॅस आहे म्हणून गॅस गिझर घ्यावा असं वाटेल. तीन नळांना तो सोयीचा आहेच. पण तो बंद बाथरूममध्ये कधीही लावू नका, ‘खिडकी आहे ना’ म्हणूनही नको. जळताना प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस आत बेशुद्ध पडला तरी बाहेर कळत नाही. मुंबईत असे मृत्यू झाले आहेत. लावायचाच तर मोकळ्या हवेच्या युटिलिटी बाल्कनीत.

इलेक्ट्रिक गिझर ठरला की जागा पाहा. भरलेला २५ लिटरचा गिझर ३५ किलोच्या वर जातो. सिपोरेक्सच्या किंवा चार इंची विटेच्या भिंतीत साध्या प्लगवर तो टांगू नका. आरसीसी बीम धरा किंवा आरपार बोल्ट मारा. बाथरूमच्या जमिनीला हात लावायचा नाही. कोब्याखालचं वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या मजल्याचं छत गळतं आणि पुढचा पावसाळा सोसायटीच्या ऑफिसात जातो. पाइप भिंतीतून वरून न्या आणि फोडाफोडीआधी सेक्रेटरींना पत्र द्या.

वीज परवानाधारक वायरमनकडूनच. दोन किलोवॅटला जवळपास नऊ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, त्याचा स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरंखुरं अर्थिंग. स्विच बाथरूमच्या बाहेर.

मग जोडणी. गार पाणी निळ्या खुणेला, गरम लाल खुणेला. गार बाजूला आधी बॉल व्हॉल्व्ह, मग गिझरबरोबर आलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. या दोहोंचा क्रम उलटा नको, कारण सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कुठलीही चावी असता कामा नये. तापताना २५ लिटर पाणी तीनशे मिलिलिटरच्या वर फुगतं. ते या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडणारच. गळतंय म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग आहेत. तसं न करता बारीक नळी लावून ते पाणी मोरीत सोडा. या व्हॉल्व्हमध्ये पाणी उलटं जाऊ न देणारा एनआरव्हीही असतो. त्यामुळे सोसायटीची टाकी रिकामी झाली तरी गिझरमधलं पाणी मागे ओढलं जात नाही आणि कॉइल कोरडी तापत नाही.

गरम लाइनला क्रीम रंगाचा सीपीव्हीसी हवा, पांढरा यूपीव्हीसी चालत नाही. गिझरच्या तोंडाशी पितळी फिटिंग आणि जाळीदार कनेक्शन पाइप. पुढे टी लावून एक फाटा बाथरूमला, एक सिंकला, आणि सिंकच्या फाट्यावर स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह. झिरी बुजवण्याआधी गरम पाइपावर नायट्रिल फोमचं आवरण चढवा आणि सॉल्व्हंट वाळल्यावर लाइन भरून रात्रभर गळती पाहा.

गच्चीवरची टाकी नळापासून दहा मीटर उंचावर असेल तर एक बार दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर त्याच्या निम्माही नसतो, तिथे शॉवर आणि सिंक एकदम चालणं कठीण. उलट टॉवरच्या खालच्या मजल्यांना आठ बार सोसणारा गिझरच घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना तिन्ही गरम नळ उघडा. फुसफुस थांबून अखंड धार आली की नळ बंद करा आणि त्यानंतरच स्विच लावा. गार नळातून कोमट पाणी येऊ लागलं तर मिक्सरमधून गरम पाणी उलटं शिरतंय. त्या मिक्सरच्या गार फाट्यावर आणखी एक एनआरव्ही बसवा.

भातसा-तानसा धरणांचं पाणी मऊ असतं, त्याने कॉइलवर खडी लवकर धरत नाही. सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर येत असतील तर गोष्ट वेगळी. मग दरवर्षी दिवाळीआधी टाकी रिकामी करून कॉइल साफ करून घ्या आणि मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड काढून बघा. तो झिजून तार उघडी पडली असेल तर लगेच बदला, कारण त्यानंतर गंज टाकीलाच धरतो.