खिशातील चाकू : निवड, धार आणि निगा

शेतीची अवजारे म्हटली म्हणजे नांगर, वखर, पाभर, कोयता, विळा ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. खिशात मावणाऱ्या लहान घडीच्या चाकूची गणना सहसा कोणी अवजारांत करीत नाही. परंतु सकाळी शेतावर गेलेला शेतकरी संध्याकाळी घरी परतेपर्यंत जितक्या वेळा चाकू उघडतो, तितक्या वेळा दुसरे कोणतेही अवजार हाती धरीत नाही. पोत्याच्या तोंडाची सुतळी तोडणे, ठिबकची नळी सरळ कापणे, कडब्याच्या पेंढीचा बंध सोडविणे, वेलीस आधार देण्यासाठी कामटी तासणे, पिकलेले फळ चिरून पाहणे ही सारी कामे त्याच एका पात्याने होतात. गोठ्यात जनावराच्या गळ्याला दावे आवळले गेले असता तर धारदार चाकू जवळ असणे अथवा नसणे यावर त्या जनावराचा जीव अवलंबून असतो.

असे असूनही चाकूची खरेदी बहुधा आठवडे बाजारात, घाईघाईने, मुठीच्या रंगाकडे पाहून केली जाते. महिन्याभरात धार जाते, सांधा ढिला होतो आणि चाकू कोपऱ्यात पडतो. यावर महाग चाकू घेणे हा उपाय नव्हे. थोड्या पैशांत चांगला चाकू मिळू शकतो. मात्र तो पारखून घ्यावा लागतो आणि घेतल्यानंतर त्याची निगा राखावी लागते.

पैसा कशासाठी द्यावा

चाकूची किंमत तीन गोष्टींसाठी मोजली जाते : पात्याचे पोलाद, सांध्याची घडण आणि बाहेरची सजावट. पहिल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. तिसरी केवळ शोभेची. पितळी नक्षी, चकचकीत मूठ, कात्री, पेचकस, बाटली उघडण्याची आकडी अशा जोडपदार्थांनी किंमत वाढते, पण काप सुधारत नाही. एकाच किमतीच्या दोन चाकूंपैकी एकास सात पाती आणि दुसऱ्यास एकच पाते असेल, तर एकाच पात्यात अधिक चांगले पोलाद असण्याचा संभव जास्त. म्हणून मर्यादित पैशांत एकपाती, साधा चाकू घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून धार लावण्याचा निसणा विकत घ्यावा. निसण्याविना घेतलेला महाग चाकू थोड्याच दिवसांत स्वस्त चाकूहून वाईट ठरतो.

पोलादाची पारख

लोखंडात कार्बनचे प्रमाण ०.२५ टक्क्याहून कमी असेल, तर त्यास पुरेसा कठीणपणा आणता येत नाही. अशा नरम लोखंडाचे पाते कितीही घासले तरी त्याची धार टिकत नाही. पात्यासाठी साधारणतः ०.५ ते १ टक्का कार्बन असलेले पोलाद लागते. मोटारगाडीच्या जुन्या कमानीच्या पाट्यांपासून लोहार जी पाती घडवितात ती याच कारणाने चांगली निघतात. पोलाद चांगले असले तरी त्याला ‘पाणी’ नीट दिलेले असावे लागते. पाते लोहचुंबकाने पकडू नये इतके लाल तापवून एकदम थंड केले म्हणजे ते कठीण होते. पण त्याबरोबर ठिसूळही होते. पुन्हा सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे पृष्ठभागावर फिकट पिवळी झाक येईपर्यंत, तापविले म्हणजे ठिसूळपणा कमी होतो. ही दुसरी पायरी टाळल्यास पात्याचे टोक मोडते.

शेतकऱ्याला प्रयोगशाळेची गरज नाही. पुढील तीन परीक्षा बाजारात किंवा लोहाराच्या भट्टीवर करता येतात.

पहिली परीक्षा लोहचुंबकाची. ‘लोहचुंबक चिकटले म्हणजे पाते गंजणारच’ अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. चाकूसाठी वापरले जाणारे बहुतेक न गंजणारे पोलादही चुंबकाला चिकटते. उलट ज्या पात्याला चुंबक मुळीच चिकटत नाही, ते बहुधा भांड्यांच्या जातीच्या स्टीलचे असते. ते तापवून कठीण करता येत नाही. असे पाते चकाकते, परंतु धार धरीत नाही.

दुसरी परीक्षा कानशीची. विक्रेत्याची परवानगी घेऊन पात्याच्या मुळाशी नवी कानस हलकेच फिरवावी. ती घसरली किंवा जेमतेम लागली तर पाते कठीण आहे. लोण्यात रुतावी तशी रुतली तर पाते नरम आहे.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष कामाची. वाळलेल्या बांबूच्या कामटीवरून वीस-पंचवीस सालपटे काढावीत आणि नंतर धार उजेडात धरून सरळ वरून पाहावी. तीक्ष्ण धार दिसत नाही. बोथट किंवा वळलेली धार चकाकणाऱ्या बारीक रेषेसारखी दिसते. ही रेषा इतक्या थोड्या कामात दिसू लागली तर तो चाकू घेऊ नये.

न गंजणारे पोलाद की साधे पोलाद, हा प्रश्न कामावरून सोडवावा. कोकणासारख्या दमट हवेत, मासे किंवा लिंबूवर्गीय फळे कापणाऱ्यास न गंजणारे पाते सोयीचे. कोरड्या मुलखात साधे पोलाद उत्तम. ते निसण्यावर लवकर धार घेते. आंब्याचा चीक किंवा फळांचा आंबट रस लागून साध्या पोलादावर करडी-काळी झाक येते. तिने बिघाड होत नाही. तांबडा गंज मात्र लगेच घासून काढावा.

पाते, मूठ व सांधा

दररोजच्या कामास ६ ते ८ सेंटिमीटर लांबीचे पाते पुरते. पाठीकडील जाडी सुमारे २ मिलिमीटर असावी. त्याहून पुष्कळ जाड पाते कापण्याऐवजी पाचरीसारखे फाडते, तर फार पातळ पाते कामटी तासताना वाकते. टोक सुतळीच्या गाठीत शिरण्याइतके निमुळते असावे, सुईसारखे नसावे.

मूठ चार बोटांत भरावी आणि ओल्या हातातून निसटू नये. गुळगुळीत धातूच्या मुठीपेक्षा लाकडी किंवा खरखरीत प्लॅस्टिकची मूठ बरी. चाकू पूर्ण उघडून पाते दोन बोटांत धरावे आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. सांध्यात खेळ जाणवता कामा नये. मिटताना कमानीचा जोर लागला पाहिजे. ढिला सांधा बोटांवर मिटतो. पाते उघडल्यावर अडकून राहण्याची खिट्टी असलेला चाकू जोराच्या कामास अधिक सुरक्षित असतो. मिटलेल्या चाकूची धार मुठीच्या बाहेर कोठेही दिसत नाही ना, हेही पाहावे.

खटका दाबताच उघडणारे किंवा लांबलचक पात्याचे चाकू शेतकऱ्याच्या कामाचे नाहीत. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती अथवा शेतीच्या कामासाठी न बनविलेली हत्यारे शस्त्रांच्या वर्गात मोडतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई हुकूम जारी असताना, तसेच मिरवणुकीस किंवा सभेस जाताना, लहान चाकूही घरीच ठेवणे शहाणपणाचे होय.

कलमासाठी वेगळा चाकू

खिशातील चाकू सर्व कामांना लागतो, पण कलमाचे काम त्याच्याकडून करवू नये. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरताना, अथवा आंब्याचे कोय कलम बांधताना काप एका ओढीत, सपाट आणि स्वच्छ पडला पाहिजे. दोन्ही काप एकमेकांस तंतोतंत भिडले नाहीत तर कलम साधत नाही. त्यासाठी सरळ धारेचा, बहुधा एकाच बाजूने उतार दिलेला कलमी चाकू लागतो. त्याने सुतळी किंवा नळी कधीही कापू नये.

धार लावण्याची रीत

निसणा दोन प्रतींचा असावा : एक खडबडीत, एक बारीक. दगड पाण्याने ओला करून स्थिर ठेवावा. पाते दगडाशी सुमारे २० अंशांचा कोन करील असे धरावे. हा कोन मोजण्यास सोपी युक्ती अशी की, पात्याची जितकी रुंदी असेल तिच्या एक-तृतीयांश इतकी पाठ दगडापासून वर उचलावी. २ सेंटिमीटर रुंदीच्या पात्यास ही उंची सुमारे ७ मिलिमीटर भरते. दगडावरून पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा रीतीने पाते धारेच्या दिशेने न्यावे. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूस बारीक, खरखरीत कड वळलेली अंगठ्यास लागते. ती मुळापासून टोकापर्यंत लागली म्हणजे बाजू बदलावी. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने आळीपाळीने घासून चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पाते उलट दिशेने ओढावे.

विजेच्या फिरत्या चाकावर धार लावून घेताना ठिणग्यांपेक्षा रंगाकडे लक्ष द्यावे. धार निळी पडली म्हणजे ती सुमारे ३०० अंशांपर्यंत तापली आणि पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग पुन्हा धार टिकवीत नाही. म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवावयास सांगावे.

सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब महिन्यातून एकदा सोडावा. जवसाचे तेल सांध्यात घालू नये. ते वाळून चिकट होते. लाकडी मुठीस मात्र तेच तेल चांगले.

पात्यावरून जाणारा रोग आणि विष

चाकूने होणारी सर्वांत मोठी हानी बोट कापण्याची नव्हे. ती डोळ्यांना दिसत नाही.

डाळिंबावरील तेल्या रोगाचे जीवाणू रोगट फांदी छाटणाऱ्या हत्यारावरून निरोगी झाडाकडे जातात. उसाच्या खोडव्याची वाढ खुंटविणारा जीवाणुजन्य रोग बेणे तोडणाऱ्या कोयत्यावरून पसरतो. तंबाखू, टोमॅटो आणि मिरची यांवरील मोझॅकचा विषाणू रस लागलेल्या हातांनी व पात्यांनी एका रोपावरून दुसऱ्यावर पोहोचतो. समजा, शेतकऱ्याने बागेच्या एका टोकास एक डागाळलेली फांदी कापली आणि त्याच पात्याने पुढची ओळ छाटली. तर रोग पसरविण्याचे काम त्याने स्वतःच्या हाताने केले असे होईल.

उपाय सोपा आहे. बाजारात मिळणाऱ्या ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा १ भाग व पाणी ४ भाग मिसळले म्हणजे १ टक्क्याचे द्रावण तयार होते. ते त्याच दिवशी ताजे करावे, कारण ठेवून त्याचा जोर कमी होतो. पात्याचा चीक प्रथम फडक्याने पुसून मगच ते बुडवावे. दोन चाकू असल्यास एक द्रावणात आणि एक हातात, अशी पाळी ठेवावी. या द्रावणाने पोलाद गंजते; म्हणून काम संपताच पाते स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावावे. हे द्रावण कोणत्याही आम्लात मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

दुसरा धोका विषाचा. ज्या चाकूने कीटकनाशकाची पिशवी फाडली, त्याच चाकूने दुपारी बांधावर कांदा किंवा पेरू चिरला जातो. पाते धोतराला अथवा पॅन्टला पुसले म्हणजे विष गेले असे नव्हे. ते पात्याच्या सांध्यात आणि खाचेत राहते. औषधांच्या पिशव्यांसाठी एक जुनी कात्री फवारणीच्या साहित्यातच बांधून ठेवावी आणि तिचा दुसरा कोणताही उपयोग करू नये.

अचानक मेलेल्या जनावराच्या शवास चाकू लावू नये. ते फाशी रोगाने मेलेले असल्यास शव उघडताच त्या रोगाचे दीर्घकाळ टिकणारे बीजाणू तयार होऊन जमिनीत मिसळतात आणि माणसालाही बाधा होते. प्रथम पशुवैद्यकास कळवावे. तसेच पंपाच्या चालू वायरीचे आवरण चाकूने सोलू नये. चाकूने जखम झालीच तर ती साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन, धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावे.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणाने सांगू नये, तो दाखवावा. छाटणीच्या हंगामापूर्वी एका संध्याकाळी शेतकऱ्यांना आपापले चाकू घेऊन चावडीवर बोलवावे. एक लोहचुंबक, एक कानस, दोन निसणे, बांबूची कामटी आणि द्रावणाची बादली एवढे साहित्य पुरे. गावातील लोहारास आवर्जून बोलवावे. पाणी देण्याची कला त्याच्याइतकी कोणास ठाऊक नसते. प्रत्येकाने आपल्या चाकूची स्वतः परीक्षा करावी, एकदा धार लावावी आणि एकदा पाते निर्जंतुक करून पाहावे.

शंभर-दोनशे रुपयांचा चाकू पारखून घेतला, त्याला धार ठेवली आणि एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना तो स्वच्छ केला, तर तो अनेक वर्षे साथ देतो. मात्र त्याची किंमत त्या रुपयांत मोजू नये. निष्काळजीपणे वापरलेले तेच पाते एका फांदीवरचा रोग साऱ्या बागेत नेऊ शकते. चाकू स्वस्त असावा. त्याची निगा स्वस्त समजू नये.