सुरळी, शंकू, पंख

शाळेतल्या मुलांबरोबर मी बरीच वर्षं कागदाची रॉकेटं करत आले आहे. त्यात दारू नाही, वात नाही, आग नाही. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, तिच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा, ट्यूबच्या दुसऱ्या टोकाला वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, आणि विटांच्या आधारानं उभ्या केलेल्या त्या पाइपवर चढवलेलं कागदाचं रॉकेट. बाटली आडवी ठेवून तिच्यावर दोन्ही पाय जुळवून उडी मारली की आतली हवा पाइपातून सुटते आणि रॉकेट वर जातं. बाटलीत पुन्हा फुंकर मारून ती फुगवली की पुढच्या उड्डाणाची तयारी झाली. या कामात जे शिकले ते इथे मांडते आहे.

१. कागदाला उभं-आडवं असतं, ते आधी ओळखावं.

झेरॉक्सचा ए-फोर कागद घ्या. ८० जीएसएमचा असेल तर त्याचं वजन ५ ग्रॅम भरतं. तो आधी लांबीला धरून गुंडाळा, मग रुंदीला धरून. एका बाजूनं तो निमूट वळतो, दुसऱ्या बाजूनं अडतो आणि मध्येच त्याला चुण्या पडतात. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेनं झोपलेले असतात, म्हणून असं होतं. शंका असेल तर बोटभर तुकडा एकाच बाजूनं ओला करून तळहातावर ठेवा. ओले तंतू जाडीला फुगतात, लांबीला फारसे वाढत नाहीत, त्यामुळे तुकडा आपोआप वळू लागतो. ती इवलीशी गुंडाळी ज्या दिशेला लांब, तीच तंतूंची दिशा. रॉकेटची सुरळी करताना तंतू तिच्या लांबीला समांतर हवेत. मग ती गोल बसते आणि उभ्या अंगानं ताठ राहते. पुस्तकबांधणी करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मुलांना मात्र कागद ही सगळीकडून सारखी गोष्ट वाटते, आणि तो ओला तुकडा हातावर वळताना पाहून वर्ग एकदम गप्प होतो.

२. सुरळी पाइपवरच करावी, पण पाइपच्या अंगाला लागून नाही.

आधी पाइपभोवती कागदाचा एक सुटा वेढा घ्यायचा, त्यावर खरी सुरळी गुंडाळायची आणि फेव्हिकॉल वाळला की आतला वेढा ओढून काढायचा. तेवढी फट पुरते. सुरळी पाइपवर चढवून पाइप उलटा धरला की ती स्वतःच्या वजनानं अलगद घसरली पाहिजे. अडकली तर पायाचा सगळा जोर घर्षणात जातो. फार सैल झाली तर हवा बाजूनं निसटते आणि रॉकेट जेमतेम डोक्याएवढं उडतं. अख्खा ए-फोर घेतला तर या पाइपवर तीन वेढ्यांहून थोडा जास्त बसतो. मुलांच्या हाताळणीला तो बरा. हात बसला की अर्ध्या रुंदीच्या कागदावर यावं, वजन निम्मं होतं.

३. सगळा भार बंद तोंडावर येतो.

हे मी नेहमी फळ्यावर गणित मांडून दाखवते. २० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर. बाटलीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा नुसता एक दशांशानं वाढला, तरी त्या एवढ्याशा वर्तुळावर ३०० ग्रॅम वजनाइतका रेटा येतो. आपलं रॉकेट १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच्या वजनाच्या तीसपट जोर, आणि तो सगळा कागदाच्या एका टोपीवर. नुसता शंकू चिकटवून भागत नाही. आधी सुरळीचं वरचं तोंड घड्या घालून मिटायचं, त्यावर चिकटपट्टीच्या दोन आडव्या-उभ्या पट्ट्या, आणि मग शंकू. शंकूत कागदाचा बोळा भरावा. रॉकेट तयार झालं की खालून तोंड लावून फुंकायचं आणि वरचं टोक गालाजवळ धरायचं. गालाला झुळूक लागली तर पुन्हा चिकटवायचं.

शंकू अणकुचीदार करण्याचा मुलांचा फार आग्रह असतो. या वेगाला त्याची गरज नाही. आवाजाच्या वेगाच्या बऱ्याच खाली उडणाऱ्या वस्तूला गोलसर नाक उत्तम चालतं, आणि मैदानावर बाकीची मुलं उभी असतात, त्यामुळे ते बोथटच हवं.

४. रॉकेट सरळ जातं ते तोलामुळे.

माझ्या लेखी या सगळ्या खेळाचं मर्म हे आहे. पंख नसलेली सुरळी उडवून पाहा. कितीही जोरात उडी मारा, ती पाइप सोडताच कोलांट्या खाते आणि जवळच पडते. तिलाच पंख लावले की बाणासारखी जाते. रॉकेटमध्ये दोन बिंदू सांभाळायचे. एक गुरुत्वमध्य, जिथे ते बोटावर तोलून राहतं. दुसरा दाबमध्य, जिथे बाजूनं येणाऱ्या हवेचा सगळा रेटा एकवटला असं मानता येतं. गुरुत्वमध्य पुढे, नाकाकडे हवा. दाबमध्य मागे, शेपटीकडे हवा. मग रॉकेट जरा कलंडलं की हवा त्याची शेपूट मागे ढकलते आणि नाक पुन्हा रेषेत येतं. दोन्हींमध्ये निदान सुरळीच्या एका व्यासाएवढं अंतर असावं, असा रॉकेटच्या छंदातला जुना नियम आहे.

दाबमध्य काढायचं रीतसर गणित अमेरिकी अभियंता जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली हौशी लोकांसाठी सोपं करून मांडलं. आठवीच्या वर्गाला तेही जड जातं. त्यावर एक जुना उपाय आहे. रॉकेटची बाजूची आकृती, पंखांसकट, पुठ्ठ्यावर काढून कापायची आणि पट्टीच्या कडेवर तोलायची. जिथे ती तोलून राहते तिथे दाबमध्य धरायचा. अंदाजच तो, पण सावध बाजूचा. खरं रॉकेट उडवण्याआधी गुरुत्वमध्याजवळ दोरा बांधून ते डोक्याभोवती गरगर फिरवून पाहावं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते उडायला लायक. आडवं किंवा उलटं फिरलं तर शंकूत चिमूटभर क्ले दाबायची आणि पुन्हा फिरवायचं. वजन वाढवल्यावर रॉकेट जास्त चांगलं उडतं, हे मुलांना पटत नाही. त्यांनी ते करूनच पाहावं.

दिवाळीतल्या बाणाची लांब काडी हेच काम करते. विल्यम हेल या इंग्रज संशोधकानं १८४४ मध्ये रॉकेटची काडी काढून टाकली आणि रॉकेट स्वतःभोवती फिरवून स्थिर केलं. तुमच्या रॉकेटचे सगळे पंख एकाच अंगाला किंचित वळवा, तेही गिरक्या घेत जाईल. उंची मात्र थोडी कमी होते.

५. पंखांना लग्नपत्रिकेचा कागद सगळ्यात चांगला.

घरोघरी असतो, ताठ असतो, फुकट असतो. तीन पंख पुरतात. सुरळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण करायची, पट्टी उलगडून तिचे तीन समान भाग करायचे आणि पुन्हा गुंडाळून खुणा उतरवायच्या. त्यात कोनमापक लागत नाही.

६. उंची नजरेनं सांगू नये, मोजावी.

कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला खिळा, झाला ओळंबा. सरळ कडेवरून रॉकेटच्या शिखराकडे नेम धरायचा आणि दोरा मधल्या खुणेपासून किती अंश सरकला ते वाचायचं. पाइपपासून ३० मीटरवर उभं राहिलं आणि कोन ४५ अंश आला, तर उंची ३० मीटर अधिक आपल्या डोळ्याची उंची. ३० अंश आला तर १७ मीटरच्या आसपास अधिक डोळ्याची उंची. त्रिकोणमितीचा तक्ता पाठ करून कंटाळलेली दहावीची मुलंसुद्धा टॅन थीटा इथे आपणहून मागतात.

एका मुलीनं मला विचारलं होतं, "बाई, समोरासमोर उभं राहून आम्ही दोघींनी एकच उड्डाण मोजलं, तर उत्तरं वेगळी का?" रॉकेट सरळ वर न जाता एकीकडे झुकलं होतं. ज्या बाजूला झुकलं तिकडच्या मुलीला कोन मोठा दिसला, दुसरीला लहान. आम्ही सरासरी घेतली. तेव्हापासून माझ्याकडे नेहमी दोन मोजणारे असतात, पाइपच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर.

मोजमाप करायचं ठरवलं की उडी मारणारं मूल एकच ठेवावं लागतं. चौथीचा मुलगा आणि दहावीचा मुलगा यांच्या उड्यांत इतका फरक पडतो, की त्यात पंखांचा फरक बुडून जातो.

७. रॉकेट वाऱ्याच्या तोंडावर जातं.

सगळ्यांना उलटं वाटतं. पण वारा पंखांना ढकलतो, शेपूट त्याच्याबरोबर जाते आणि नाक वाऱ्याकडे वळतं. म्हणून मुलं कधीही वाऱ्याकडच्या बाजूला उभी करू नयेत. आमच्याकडे देशावर हिवाळ्यातली सकाळ या कामाला सगळ्यात शांत. पावसाळ्यात दमट हवेनं कागद नरम पडतो, सुरळ्या बसतात, तेव्हा वर्गातली कामं काढावीत.

आणि पाइपावर कुणीही वाकायचं नाही, रॉकेट चढवलेलं असो वा नसो. उडीपूर्वी मोठ्यानं आकडे मोजायचे. याला अपवाद नाही.

८. हे खरं रॉकेट नाही, हे मुलांना सांगावं.

आपल्या सुरळीला रेटा मिळतो तो ती पाइपवर असेपर्यंतच. पुढे ती फेकलेल्या दगडासारखी स्वतःच्या वेगावर जाते. खरं रॉकेट आपलं इंधन बरोबर नेतं आणि जाताना मागे वायू फेकत राहतं. हे कळलं की मुलं लगेच दारूचं विचारतात. तिथे माझं उत्तर ठाम आहे. फटाके फोडून दारू गोळा करायची नाही, घरी मिश्रण करायचं नाही. त्यात बोटं आणि डोळे जातात.

अमेरिकेत याच भीतीतून कागदी रॉकेटचा छंद जन्मला. १९५४ साली नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे जोड्यांचे दुकानदार ऑरविल कार्लाइल यांनी कागदी नळीचं, बदलता येणाऱ्या छोट्या मोटरीचं आणि पॅराशूटनं उतरणारं रॉकेट केलं. रॉकेटतळावरच्या सुरक्षिततेबद्दल हॅरी स्टाइन यांचा लेख १९५७ मध्ये वाचून त्यांनी ते स्टाइनना पाठवलं. पुढे नियम ठरला तो असा: अंग कागद, लाकूड किंवा प्लॅस्टिकचं, धातूचं नाही, आणि मोटर कारखान्यात तयार झालेलीच. कागद स्वस्त म्हणून तर खराच, पण आदळला की चुरगळतो आणि समोरच्याला इजा करत नाही, म्हणूनही निवडला गेला.

ज्याला इंधनाचीच ओढ आहे त्याला मी वसंत गोवारीकरांविषयी सांगते. कोल्हापुरात शिकलेला हा माणूस थुंब्याला घन इंधनावर काम करत राहिला. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते, आणि त्या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. इंधनाला हात लावायचा तर असा रसायनशास्त्र शिकून लावावा.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात बहुतेक शाळांत विकत घेतलेल्या थर्माकोलच्या प्रतिकृती मांडल्या जातात, त्यातल्या पुष्कळशा घरच्या मोठ्यांनी केलेल्या. यंदा एक तास मुलांना मैदान द्या, रद्दीतले कागद आणि जुन्या लग्नपत्रिका द्या, दोन बाटल्या द्या. कोनमापक त्यांच्या दप्तरात असतोच.