'पीएम किसान'ची फाइल ग्रुपवर आली तर उघडू नका

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाइल आली आणि शेवटी एपीके लिहिलेलं असेल, तर हात लावू नका. ओळखीच्या नंबरवरून आली तरीही नाही. त्यांचाच फोन हॅक झालेला असू शकतो. इन्स्टॉल केली की तुमचे ओटीपी चोराला दिसतात. हप्त्याचे २००० रुपये थेट खात्यात येतात, त्याला अशी फाइल लागत नाही.

चुकून इन्स्टॉल झालीच तर:
१) लगेच नेट बंद करा.
२) दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा.
३) १९३० वर तक्रार करा. लाजू नका, उशीर केला की पैसे मिळणं अवघड.

*आजच करा:* व्हॉट्सॲप सेटिंग्ज → अकाउंट → टू-स्टेप व्हेरिफिकेशन → ६ अंकी पिन.

ओटीपी, पिन कुणालाच सांगू नका, आम्हालाही नाही.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी