पायथॉनमध्ये मराठी शब्द शोधताना

समजा, बातम्यांची एक मोठी फाइल हाती आहे आणि तीत ‘शेतकरी’ हा शब्द कुठे कुठे आलाय ते शोधायचं आहे. पायथॉनमध्ये हे काम एका ओळीचं वाटतं.

शब्द आहे की नाही एवढंच हवं असेल तर ‘इन’ वापरा. जागा हवी असेल तरच ‘फाइंड’. फाइंड जागा 0 पासून मोजतं आणि शब्द नसेल तर -1 देतं. हे उत्तर ‘इफ’समोर जसंच्या तसं ठेवलं की उलटा प्रकार होतो: अगदी सुरुवातीला सापडलेला शब्द ‘नाही’ ठरतो आणि मुळात नसलेला ‘आहे’. शब्द असायलाच हवा अशा ठिकाणी ‘इंडेक्स’ बरं. तो न सापडल्यास ते सरळ एरर देतं.

शोध सुरू करण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, ते बघा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतल्या फाइली पडद्यावर मराठी दिसतात, पण आतली चिन्हं वेगळीच असतात. त्या आधी कन्व्हर्टरमधून काढा.

आता खरी गोम. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्य तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त, साधा र, त्याला नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं झीरो विड्थ जॉइनर. वाचणाऱ्याला तिन्ही सारखेच, पायथॉनला तीन वेगळे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइज’ एनएफसी देऊन चालवलं की दुसरा प्रकार पहिल्यासारखा होतो. तिसऱ्याला ते हात लावत नाही. तिथे ‘रिप्लेस’ने र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. नुसता जॉइनर पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो मराठीसाठी ऐकू नका. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे विद्वान आचार्य होतील. ही सफाई मजकुराची करा, तशीच शोधायच्या शब्दाचीही.

एवढं करूनही ‘शेतकरी’ शोधल्यावर ‘शेतकऱ्यांना’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो. ‘नागपूर’ शोधून ‘नागपुरात’ मिळत नाही तेही यामुळेच. म्हणून दोन्ही रूपं द्या: रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शेतक(री|ऱ्य) असं लिहिलं की बहुतेक काम भागतं.

गावांच्या नावांत जास्त जपावं लागतं. ‘पुणे’ आणि ‘पुण्यात’ दोन्ही हवेत म्हणून कुणी ‘पुण’ एवढंच शोधलं तर ‘निपुण’ही जाळ्यात येतो. यावर शब्दसीमेची खूण, म्हणजे बॅकस्लॅश बी, लावावी असं वाटेल. पण पायथॉनचं ‘आरई’ मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटीला अक्षरात धरत नाही. त्याच्या लेखी ‘नि’च्या वेलांटीपाशी शब्द संपतो आणि ‘पुण’ हा नवा शब्द सुरू होतो. म्हणजे निपुण पुन्हा हजर! त्यापेक्षा ‘स्प्लिट’ने मजकुराचे शब्द पाडा, ‘स्ट्रिप’ने कडेची विरामचिन्हं काढा आणि ‘स्टार्ट्सविथ’ला ‘पुणे’ व ‘पुण्या’ यांचा टपल द्या. वेग थोडा कमी, पण चूक झाली तर कुठे झाली ते कळतं.

आकड्यांचंही बघा. ‘2024’ शोधलं तर ‘२०२४’ मिळणार नाही. ‘ट्रान्सलेट’ने सगळे आकडे आधी एकाच लिपीत आणा.

‘पुण्याचं काम’ मात्र ‘स्टार्ट्सविथ’च्या जाळ्यातही येणारच. ते महापालिकेचं की देवाधर्माचं, हे ठरवायला आजूबाजूचे चार शब्दही छापून घ्या आणि ती यादी स्वतः वाचा.