परदेशी अभियांत्रिकी : निवड नावाची की अभ्यासक्रमाची?

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात अभियांत्रिकीवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. माझी ताई यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर. तिला परदेशात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे आणि त्यासाठी राहते घर बँकेकडे तारण ठेवण्याची अण्णांची तयारी आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले.

ही वाट आपल्याकडे नवी नाही. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली बोस्टनच्या एम. आय. टी.त दाखल झाले होते. आज मात्र संस्था शेकड्यांनी आहेत, आणि बहुतेक जण प्रथम जागतिक क्रमवारीचा तक्ता पुढे ओढतात. त्या तक्त्यात नेमके काय मोजले जाते? क्यू. एस. क्रमवारीत २०२४ च्या आवृत्तीपासून ३० टक्के भार प्राध्यापकांच्या मतचाचणीला आहे, आणि ती चाचणी विद्यापीठाच्या एकूण लौकिकाची असते. ताईला हव्या असलेल्या उष्णता-अभियांत्रिकीच्या चार विषयांविषयी त्यातून काहीच कळत नाही. (तरीही तक्ता अगदी फेकून देता येत नाही, काही शिष्यवृत्त्या त्याच्याच आधारे दिल्या जातात.)

आमच्यापुढे दोन देश होते. अमेरिकेत प्रबंधासह आणि प्रबंधाविना असे एम. एस.चे दोन प्रकार आहेत. प्रबंध करणाऱ्यास प्राध्यापकाच्या संशोधनात सहायकाचे काम मिळाले तर शुल्काचा भार पुष्कळ हलका होऊ शकतो. एरवी सारे कर्जावर. शिक्षणानंतर १२ महिने कामाची परवानगी मिळते आणि २०१६ च्या नियमाने विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना आणखी २४ महिने. म्हणजे कर्ज फेडण्याचा सारा हिशेब या छत्तीस महिन्यांवर उभा. हे गणित मला धाडसाचे वाटले.

जर्मनीत शुल्क नसते असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर वर्गांना ४,००० ते ६,००० युरो लावले. आखेनला असे शिक्षणशुल्क नाही. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. ही फी नव्हे. दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्यालाच परत मिळतात. अण्णांना हा फरक समजावण्यात एक रविवार गेला!

सर्वांत मोलाची गोष्ट गुणांच्या रूपांतराची. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा उत्तीर्णतेचा शेवटचा गुण. कमाल गुणांतून मिळालेले वजा करावेत, त्यास कमाल व किमान उत्तीर्ण गुणांतील अंतराने भागावे, तिनाने गुणावे आणि एक मिळवावा. दहापैकी ८.२ गुण असता किमान सीमा ४ धरली तर उत्तर १.९ येते, ५ धरली तर २.०८. गुण तेच, पण जेथे २.० ची अट असेल तेथे एका कागदाने दार उघडते वा मिटते. म्हणून किमान सीमेचा दाखला आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्यावा.

त्यानंतर पदवीचा विषयवार अभ्यासक्रम तपासतात. गणित किती, यांत्रिकी किती, हे श्रेयांकांत मोजतात. पुरेसे नसतील तर उत्तम गुण असूनही अर्ज नाकारला जाऊ शकतो. ताईने आवडलेल्या एका अभ्यासक्रमाची विषयपुस्तिका आपल्या जुन्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, आणि यादीतले सर्वांत नामांकित नाव स्वतःच खोडले. तेथे तिच्या आवडीचा एकच विषय होता, तोही ऐच्छिक.

उरलेल्या तीन ठिकाणी शिकवणे इंग्रजीतून आहे. पण कारखान्यात बोलणे जर्मनच, हे ओळखून ती सध्या सकाळी सातच्या वर्गाला जाते. बँकेचा मूल्यांकन करणारा मनुष्य पुढच्या आठवड्यात घर पाहायला येणार आहे.